दम आहे?

खोकला लपवायची एक युक्ती असते. खोकला आला की हसायचं. अगदी तोंडावर हात ठेवून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचं. हसण्यात खोकला मिसळला की कुणाला वेगळा काढता येत नाही. शाळेत मी खिदळी म्हणून प्रसिद्ध होते. मास्तर म्हणायचे, "हिला मयताची बातमी सांगितली तरी हसेल." मी त्यावरही हसायचे, कारण तेवढ्यात पुन्हा उबळ आलेली असायची.

तीन वर्षांची असताना मला डांग्या खोकला झाला. त्याच साथीत माझा धाकटा भाऊ गेला. थोरली बहीण त्याआधीच गेली होती. मी राहिले, पण खोकला माझ्यातच राहून गेला. आमचं घर डहाणूला, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वस्तीत. बाप होडीवर, चार-चार दिवस पाण्यात. आई सुके बोंबील आणि करदी, म्हणजे बारीक सुकी कोलंबी, घेऊन वाणगावच्या बाजाराला जायची. जाण्याआधी रोज सकाळी ती मला बाजेवर पालथी घालायची, डोकं बाजेखाली लोंबतं ठेवायची आणि तळहाताची वाटी करून पाठीवर थापट्या मारायची. धप, धप, धप. मग छातीतला सगळा हिरवट घाण कफ राख घातलेल्या डब्यात पडायचा. हे तिला कुणी शिकवलं होतं ते तिलाही सांगता येत नव्हतं. झावळ्यांच्या कुडातून तो आवाज शेजारी जायचा. शेजारणीनं एकदा विचारलं, "पोरीला रोज सकाळी कशाला बडवतंस गो?" आई म्हणाली, "ऐकत नाय." म्हणजे वस्तीभर माझी कीर्ती अशी, की ही पोर दात काढते आणि रोज मार खाते. तेही बरंच, खरं काय ते कळलं असतं तर लोकांनी आमच्या दारावरून जाणं सोडलं असतं. खोकणाऱ्या मोठ्या मुलीला त्या दिवसांत एकच रोग असायचा, आणि त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे.

धावायचं नाही, पाणी भरायचं नाही, पावसात जायचं नाही. शाळेत कवायतीच्या तासाला मी काही तरी कारण काढून पायरीवर बसायचे आणि बाकीच्यांच्या चपला सांभाळायचे. लंगडी, खो-खो, सगळं मी चपलांच्या राशीमागून पाहिलं. मला खेळांचे सगळे नियम पाठ होते. कोण बाद झालं ते मी पंचाच्या आधी ओरडून सांगायचे, आणि म्हणून मुलींना मी आवडत नसे.

सातवी फायनल मात्र मी पहिल्या झटक्यात पास झाले. आमच्या वस्तीतली अशी मी पहिलीच मुलगी. वय भरलं तेव्हा मास्तरांनी मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी माझा अर्ज केला. माझ्याबरोबर वर्गातल्या आणखी दोघी होत्या. ट्रेनिंग दूर होतं, राहायचं वसतिगृहात. जून महिन्यात सुरू. आई म्हणाली, "तिथं तुझी पाठ कोण थापटणार?" मी म्हटलं, "भिंत." माझी जीभ तेव्हापासूनच अशी आहे. पण मला जायचं होतं. दुसरं मला काय होतं? लग्न होणार नव्हतं, टोपली डोक्यावर घेतली की चाळीस पावलांत डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मास्तरीण झाले नसते तर जन्मभर त्या बाजेवर पालथी पडून राहणं एवढंच होतं, आणि आई गेल्यावर तेही नाही.

अर्जाबरोबर शरीर धडधाकट असल्याचा दाखला लागायचा. त्यासाठी दिवाळीनंतर एके दिवशी डहाणूच्या दवाखान्यात सगळ्या उमेदवारांना बोलावलं. तपासणारे डॉक्टर तलासरीहून यायचे होते. ते यायच्या आधी, त्यांनी पुढं पाठवलेल्या त्यांच्या कंपाउंडरनं एकेकीला पुढं घेऊन माहिती भरायला सुरुवात केली. कंपाउंडर गुजराती. ती वर्षं अशी होती, की डहाणू गुजरातेत जाणार की महाराष्ट्रात यावर चहाच्या दुकानांत भांडणं व्हायची, त्यामुळे हा गृहस्थ सरकारी कामात मुद्दाम मराठी बोलायचा. आम्हाला दोन्ही भाषा येत होत्या. बाजारात गुजराती, शाळेत मराठी, घरात आमची आमची.

मी घरून सगळी उत्तरं घोकून आले होते.

"खोकला?"

"नाही."

"ताप येतो?"

"नाही."

"रगत पडते?"

"नाही."

मग त्यानं मान वर न करता विचारलं, "दम आहे?"

मागं त्या दोघी उभ्या होत्या. वर्गभर मला बसकी म्हणणाऱ्या. मी छाती पुढं काढली आणि म्हटलं, "आहे तर!"

आता त्यानं मान वर केली. "आहे?"

"भरपूर आहे," मी म्हटलं.

"केटला वखतथी? म्हणजे कदीपासून?"

"लहानपणापासून."

तो बिचारा हळहळला. "अरेरे, बेन," म्हणाला आणि लिहायला लागला. मला वाटलं, माणूस चक्रम दिसतो. दारापर्यंत गेले आणि तिथं मला उमगलं. गुजरातीत दम म्हणजे दमा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ज्या शेठाच्या घरी आई सुकी मासळी पोचवायची त्याच्या आईला दम होता, आणि मी स्वतः दहा वेळा त्या म्हातारीला "दम केम छे?" विचारलं होतं. पण त्या दिवशी माझे कान मराठी होते आणि छाती फुगलेली. खोकला, ताप, रक्त या तिन्ही ठिकाणी मी सफाईनं खोटं बोलले आणि चौथ्या ठिकाणी, गर्वानं, आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगून टाकलं.

डॉक्टर देशावरचे होते, तरुण, चष्मेवाले. कागद वाचून त्यांनी मला आत बोलावलं आणि पाठीला नळी लावली. खाली डावीकडे त्यांची नळी पुन्हा पुन्हा जात होती. मग त्यांनी काडी पेटवली, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरली आणि म्हणाले, "ओठ आवळायचे नाहीत. तोंड उघडं ठेवून विझव." मी जीव खाऊन फुंकलं. ज्योत जरा वाकली आणि पुन्हा सरळ झाली. काडी त्यांच्या बोटांपर्यंत जळत आली तेव्हा त्यांनीच ती टाकली.

थुंकी तपासायला गेली. मला थांबवून ठेवलं, संध्याकाळी निकाल आला, क्षय नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की त्या डांग्या खोकल्यानं छातीच्या एका कोपऱ्यातल्या नळ्या सैल पडल्या आहेत आणि तिथं कफ साचतो. कुणाला लागायचा नाही, पण जायचाही नाही. "कफ काढतेस कसा?" त्यांनी विचारलं. मी बाजेचं सांगितलं. ते खुर्चीतून उठले. "तुझ्या आईला कुणी शिकवलं हे?" मी म्हटलं, "कुणी नाही. शेजारीपाजारी समजतात मला मारते." ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझी आई माझ्यापेक्षा हुशार डॉक्टर आहे."

पण दाखला? त्याबद्दल ते म्हणाले, "अपात्र लिहिलं तर तू कायमची घरी. पात्र लिहिलं आणि तिथं कोसळलीस तर ते माझ्या माथी. म्हणून आज काहीच लिहीत नाही. आपण मोजू या." त्यांनी एक बाकडं दाखवलं, माझ्या गुडघ्याएवढं. त्यावर चढायचं, उतरायचं, ते पेन्सिलीनं टेबलावर ठेका धरतील त्या चालीनं. मास्तरणीला दिवसभर उभं राहावं लागतं, चढावरच्या पाड्यांवर जाऊन पोरं गोळा करावी लागतात. तीन मिनिटं न थांबता चढ-उतार केला आणि नंतर नाडी वेळेत ताळ्यावर आली, तर ते लिहून देणार. मुदत मेअखेर. दर महिन्याला तलासरीच्या दवाखान्यात यायचं.

त्या दिवशी मी मिनिटभरही टिकले नाही. बाकड्याला धरून खाली बसले आणि खोकले. हसायचं विसरूनच गेले.

माझ्या छातीच्या रोगाची बातमी माझ्याआधी घरी पोचली. क्षय नाही ही बातमी मात्र कधीच पोचली नाही. त्या दोघी माझ्याशी बोलायच्या थांबल्या. भांडल्या असत्या तर मी दोन शब्द सुनावले असते, पण त्या नुसत्या रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायच्या. विहिरीवर आईसाठी मी रांगेत ठेवलेला हंडा बायका पायानं बाजूला सरकवायच्या. शेजारीण आईला म्हणाली, "म्हणून बडवत होतीस होय!" आणि त्यानंतर तिनं आमच्याकडे विस्तव मागायला येणं बंद केलं. खोटं बोलत होते तेव्हा निदान माणसांत होते. त्या सहा महिन्यांत दिवसच्या दिवस असे जायचे, की सकाळी आईशी बोलल्यानंतर संध्याकाळी आई परत येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघालेला नसायचा. मी फार एकटी होते. हे असं सरळ लिहायला मला इतकी वर्षं लागली.

सराव करायचा तर कुठं? घरात चढायला काही नव्हतं. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव होते, त्यांच्यामागं वाळूत रुतलेला एक मोठा ओंडका होता. होड्या गेल्या, बायका बाजाराला गेल्या, की भर दुपारी मी तिथं जायचे. डावा वर, उजवा वर, डावा खाली, उजवा खाली. तोंडानं आकडे म्हणायचे. वरून सुक्या मासळीचा वास, खालून तापलेली वाळू. पन्नासला श्वास संपायचा. बसायचं, कफ काढायचा, पुन्हा उभं राहायचं. घड्याळ नव्हतं. तीनशे आकडे म्हणजे तीन मिनिटं असं मी माझ्या मनानं धरून चालले होते, आणि डॉक्टरांचा ठेका लक्षात राहावा म्हणून वाटेत चालताना मांडीवर बोटं वाजवायचे. कुणीतरी ते पाहिलंच. पोरीच्या अंगात येतं, ती ओंडक्यावर नाचते आणि मंत्र पुटपुटते, अशी बोलवा झाली. दमेकरी होतेच, त्यात आता भुताची भर पडली. एका अर्थी बरं झालं, त्या बाजूला कुणी फिरकेना.

आईला हे मुळीच आवडत नव्हतं. "घाम येते तुना, वारा लागंल, मरशील," म्हणायची. पण रोज सकाळी बाजेवर घ्यायची. तिचे हात बोलत नसत, नुसते थापटत.

तलासरीला एसटीनं एकटी जायचे. बाप पाण्यात, आई बाजारात. दवाखान्याच्या ओसरीवर माझ्यासारखीच डोंगराकडच्या पाड्यांवरची पाच-सहा पोरं-पोरी बसलेली असायची. डॉक्टरांनी जुन्या खोकल्याची म्हणून गोळा केलेली. त्यांनाही बाकडं, त्यांनाही काडी. मी त्यांच्यापासून दोन हात लांब बसायचे. विहिरीवर बायका माझ्याशी जे करत होत्या तेच मी तिथं करत होते, आणि ते मला कळतही होतं. मी शिकलेली ना! सातवी फायनल!

फेब्रुवारीत मी दीड मिनिटावर अडकले. मार्चमध्येही तेवढंच. डॉक्टर नाडी मोजून वहीत लिहायचे आणि म्हणायचे, "नाडी बरी आहे. तू हवा आत घेतेस, पण जुनी बाहेर सोडत नाहीस." मला काय समजणार? चिडून ओसरीवर येऊन बसले. तिथं माझ्याच वयाची एक मुलगी होती. रोज मोळी घेऊन डोंगर उतरणारी, माझ्यासारखाच ओला खोकला असलेली. ती बाकड्यावर तीन मिनिटं चढ-उतार करायची आणि वर हसायची. मला उबळ आली तेव्हा ती सरकून जवळ आली आणि म्हणाली, "चूल फुंकतंस का नाय तू?"

मी म्हटलं, "फुंकते."

"मंग तसाच सोड. हळूहळू. इस्तव फुलला पाहिजे, राख उडाया नको."

तिनं ओठांचा चंबू करून दाखवलं. लांब, बारीक, संपतच नाही असा श्वास. मी करून पाहिलं. छातीत अडकलेलं काहीतरी सैल झालं. ती पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. मी तिला नाव विचारलं नाही. पुढच्या महिन्यात विचारू म्हटलं, तर ती आली नाही, त्यानंतरही आली नाही. ज्या मुलीनं मला श्वास सोडायला शिकवलं तिचं नाव मला माहीत नाही, आणि याची लाज अजून जात नाही.

एप्रिलमध्ये मी सव्वादोन मिनिटं केली. दरम्यान त्या दोघींची ट्रेनिंगसाठीची पांढरी पातळं-पोलकी तयार झाली होती. वाटेत त्यांच्या हातातली पुडकी दिसायची.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी शेवटची गेले. आदल्या संध्याकाळी आईला म्हटलं, "उद्या तरी ये." ती म्हणाली, "बाजार हाय." सकाळी तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ थापटलं आणि टोपली घेऊन निघून गेली. मागं वळून पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, जा, बोंबीलच तुझे सख्खे.

दवाखान्यात पत्रा तापला होता. डॉक्टरांनी घड्याळ टेबलावर ठेवलं, पेन्सिल घेतली. ठेका सुरू झाला. पहिलं मिनिट सोपं गेलं. दुसऱ्यात पायांना गोळे येऊ लागले आणि डाव्या बाजूला ओळखीची खरखर सुरू झाली. मी ओठांचा चंबू केला. वर जाताना श्वास दोनदा घ्यायचा, खाली येताना सगळा सोडायचा. भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत होते. खोकला घशापर्यंत आला होता. कंपाउंडर, तोच, दारात येऊन उभा राहिला होता आणि त्याचे ओठ माझ्यासारखेच गोल झाले होते. तो माझ्याबरोबर फुंकत होता! मला खरोखरचं हसू यायला लागलं. हसले असते तर मेले असते. मी खिळ्याकडे पाहिलं आणि फुंकत राहिले. पेन्सिल थांबली तेव्हा मला कळलंच नाही. मी आणखी चारदा चढले-उतरले.

"पुरे," डॉक्टर म्हणाले. मला खुर्चीत बसवून त्यांनी मनगट धरलं. एकदा मोजलं, थांबून पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा. मी पोटभर खोकून घेतलं. लपवायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी कागद ओढला, लिहिलं, शिक्का मारला आणि मला वाचायला दिला. पात्र. कंपाउंडर म्हणाला, "बेन, पेढे?" आणि मी त्याला पहिल्यांदाच नमस्कार केला.

बाहेर आले तर सांगायला कुणी नव्हतं. एसटीत शेजारी एक म्हातारा कोंबडी घेऊन बसला होता, त्याला सांगावंसं वाटलं. डहाणूला उतरून घरी न जाता मी स्टेशन गाठलं आणि दुपारची गाडी पकडून वाणगावला गेले.

बाजार उठत आला होता. आई थोड्याशा उरलेल्या बोंबलांमागं बसली होती. मला पाहून ती उठली नाही. मी कागद पुढं धरला.

"काय लिवलाय?"

"पात्र."

"म्हंजे?"

"म्हणजे जायचं. जूनमध्ये."

तिनं मासळीवरची माशी वारली. मग म्हणाली, "मी महालक्ष्मीला बोलली होती. चैत्रात जत्रेला गेली तवा."

मला भडभडून आलं. इतके दिवस घुमी राहिलेली ही बाई माझ्यासाठी नवस बोलून आली होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "मग फेडू या की. काय बोलली होतीस? नारळ? ओटी?"

"नाय गो," ती म्हणाली. "उलटा बोलली होती."

"उलटा म्हणजे?"

"तू पडावी म्हणून."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. एक गिऱ्हाईक आलं, भाव विचारून गेलं.

"दोन पोरं गेली माझी," ती म्हणाली. "तू खोकलीस म्हणून माझ्यापाशी रायलीस. नाय तर तू पण कंदीच गेली असतीस, लगीन करून. मना ठावं हाय, हा पाप हाय. पण घरात दुसरा कोण हाय बोलायला?"

मी उठले. भर बाजारात तिला म्हटलं, की तू आई नाहीस, वैरीण आहेस. आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. आई टोपलीत उरलेले बोंबील नीट लावत राहिली. आम्ही एकाच गाडीनं परत आलो, दोन वेगळ्या बाकांवर बसून. उरलेले दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. सकाळी बाजेवर पडायचे, ती थापटायची. जूनमध्ये मी ट्रंक उचलून गेले. ती स्टेशनवर आली होती, पण मी गाडी हलायच्या आधीच खिडकीपासून आत सरकले.

पुढं मी मास्तरीण झाले. घर सोडल्यावर दोन वर्षांनी, मी ट्रेनिंगच्याच गावी असताना, आई गेली. तार मिळून पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यानंतर नोकरीच्या सगळ्या वर्षांत पुष्कळांनी माझं भलं चिंतलं. यशस्वी हो, बढती मिळो, शतायुषी हो, असं लोक म्हणत राहिले आणि आपापल्या घरी जेवायला गेले. मी नापास व्हावं म्हणून देवीपुढं पदर पसरणारं माणूस मला पुन्हा मिळालं नाही.